साधा प्रश्न विचारता येईल असा गोतावळा: शिक्षकांनी समाजमाध्यमांवर शिकण्यासाठी माणसे कशी जोडावीत

हातच्याची वजाबाकी तिसरीच्या मुलांना कशी शिकवावी, हा प्रश्न एका शिक्षिकेने मला रात्री पावणेअकरा वाजता खासगी संदेश पाठवून विचारला. आम्ही दोघेही तालुक्यातील शिक्षकांच्या एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होतो. त्यात चारशेहून अधिक सदस्य होते आणि त्या दिवशी तेथे दोन वाढदिवस, एक पदोन्नती आणि एका निवृत्तीनिमित्त सकाळपासून पुष्पगुच्छांची चित्रे पडत होती. ग्रुपवर का विचारले नाही, असे मी म्हणालो तेव्हा त्यांचे उत्तर आले, ‘सर, बारा वर्षे नोकरी झाली. आता हे विचारले तर लोक काय म्हणतील?’

शिकण्यासाठी जोडलेल्या माणसांच्या जाळ्याची खरी परीक्षा मला तेव्हापासून या एकाच गोष्टीत दिसते. सदस्य किती आहेत, दिवसाला किती पीडीएफ येतात, याला फारसा अर्थ नाही. त्यातील सर्वांत नवखा, सर्वांत बुजरा किंवा सर्वांत एकटा पडलेला माणूस तेथे साधा प्रश्न विचारू शकतो का, हे पाहावे. सुरक्षितता आणि सर्वसमावेशकता हे दोन वेगळे विषय मानण्याची पद्धत आहे, पण ज्याला आपली टर उडेल, आपला नंबर कोणाच्या हाती लागेल किंवा आपली बोली हसण्यावारी नेली जाईल अशी धास्ती असते तो बोलत नाही, आणि जो बोलत नाही त्याच्याकडून आपण काही शिकत नाही. पुढील पायऱ्या मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षकाच्या जागेवरून लिहिल्या आहेत, कारण मला तेच काम ठाऊक आहे.

आधी प्रश्नांची वही

मोबाइल हाती घेण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी आणि वर्गात जेथे आपण अडलो तेथे त्याच दिवशी एक ओळ लिहावी. ‘भाषा सुधारणे’ अशा नोंदीचा उपयोग होत नाही. ‘पहिलीतील चार मुले जोडाक्षरापाशी थांबतात, त्यांपैकी तिघांच्या घरी मराठी बोलली जात नाही’ ही नोंद उपयोगी ठरते, कारण तिच्यातच कोणाला शोधायचे याचा पत्ता असतो. दोन आठवड्यांनी वही चाळली की चार-पाच विषय पुन्हा पुन्हा दिसतात. जाळे त्या विषयांभोवती विणायचे असते. ज्यांनी ही वही न ठेवता सुरुवात केली त्यांच्या मोबाइलमध्ये महिन्याभरात साठ ग्रुप जमा झालेले मी पाहिले आहेत, आणि त्यांत मीही होतो.

सध्या कोणाला विचारतो, याची यादी

दुसऱ्या पानावर अशा दहा जणांची नावे लिहावीत, ज्यांना गेल्या वर्षभरात आपण कामाबद्दल काहीतरी विचारले. माझ्या यादीत आठ पुरुष होते, नऊ जण माझ्याच केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले होते, अपंगत्व असलेले कोणीही नव्हते, आणि एक सोडून सगळे माझ्याच शिक्षक संघटनेचे होते. यादी लिहीपर्यंत हे माझ्या लक्षात आले नव्हते. मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये असे मांडले की नवी माहिती आपल्याकडे बहुधा जवळच्या माणसांकडून येत नाही, ती सैल ओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना तेच ठाऊक असते जे आपल्याला असते. शिक्षण परिषदेत दर महिन्याला भेटणारी माणसे आपला आधार असतात यात शंका नाही, परंतु आपल्या अडचणीवर वेगळा तोडगा बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात सापडलेला असतो.

याचे एक उदाहरण सांगतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन दिले, तेव्हा समाजमाध्यमांवर विनोदांचा पूर आला आणि आमच्या ग्रुपवर आठवडाभर तेच विनोद फिरले. मात्र सोलापूर जिल्ह्याच्या कन्नडभाषक भागात शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी शांतपणे लिहिले की कन्नडमध्ये दशक आधीच येते, ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस आणि एक. त्यांची मुले घरी तसेच मोजतात आणि शाळेत ‘एकवीस’ ऐकून १२ लिहितात. पद्धत बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला तरी, अंक उलटे लिहिण्यामागे भाषेचा क्रम असू शकतो हे मला त्या पाच ओळींतून प्रथमच कळले.

तेव्हा यादीत जे रकाने रिकामे आहेत ते भरण्यासाठी मुद्दाम माणसे शोधावीत. मेळघाटात कोरकू, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी, भामरागडमध्ये माडिया घरी बोलणाऱ्या मुलांना शिकवणारे, दृष्टिहीन किंवा कर्णबधिर असलेले, नुकतेच सेवेत आलेले, खासगी विनाअनुदानित शाळेतले, आणि ज्या संघटनेशी आपले पटत नाही तिच्यातले. एका बैठकीत हे होत नाही. महिन्याला दोन माणसे जोडली तरी वर्षात चोवीस होतात.

कोणते माध्यम कशासाठी

माध्यम निवडताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा: येथे माझ्याबद्दल काय उघडे पडते? व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याला प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक दिसतो. पुरुष सहकाऱ्यांना हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, परंतु रात्री अनोळखी क्रमांकांवरून ‘हाय मॅडम’ असे संदेश ज्यांना येतात त्यांना तो क्षुल्लक वाटत नाही, आणि अनेक जणी त्यामुळेच मोठे ग्रुप सोडतात. व्हॉट्सॲपच्या ‘कम्युनिटी’तील सूचना-ग्रुपमध्ये सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, फक्त ॲडमिनना दिसतात; पण तेथे नवा विषय फक्त ॲडमिनच मांडू शकतात. टेलिग्रामवर आपला क्रमांक सर्वांपासून लपवून केवळ नावाने वावरता येते आणि संचिका शोधणे सोपे असते. मात्र तेथील ग्रुप-संवाद व्हॉट्सॲपसारखे दोन्ही टोकांना कुलूपबंद, म्हणजे ग्रुपबाहेर कोणालाही वाचता न येणारे नसतात, हे ध्यानात ठेवून लिहावे.

माझी विभागणी अशी आहे. चर्चेसाठी चाळीसच्या आतला व्हॉट्सॲप ग्रुप. कृतिपत्रिका व ध्वनिफिती साठवण्यासाठी टेलिग्राम चॅनेल. दुसऱ्यांचे अध्यापन पाहण्यासाठी यूट्यूब, आणि त्यात ‘शिक्षण’ नावाची वेगळी प्लेलिस्ट. दूरच्या माणसांचा माग काढण्यासाठी फेसबुक आणि एक्स, पण तेथे मी प्रामुख्याने वाचतो. सहावे माध्यम घेऊ नये, कारण त्याला पुरेल इतका वेळ शाळेतल्या माणसाकडे उरत नाही.

स्वतःच्या दाराला कडी

ही कामे अर्ध्या तासाची आहेत, ती एकाच संध्याकाळी उरकावीत. व्हॉट्सॲपमध्ये द्विस्तरीय पडताळणी चालू करून सहा अंकी पिन ठेवावा, आणि तो जन्मतारखेचा नसावा. ‘मला ग्रुपमध्ये कोण जोडू शकते’ या जागी ‘माझे संपर्क’ निवडावे, म्हणजे कोणीही उठून आपल्याला कोठेही ओढू शकत नाही. प्रोफाइलचा फोटो आणि ‘शेवटचे कधी पाहिले’ हे अनोळखी लोकांपासून झाकावे. ‘जोडलेली उपकरणे’ उघडून पाहावे. केंद्रशाळेच्या संगणकावर दोन वर्षांपूर्वी उघडलेले माझे व्हॉट्सॲप वेब तसेच चालू राहिल्याचे मला असेच समजले. फेसबुकवर ‘प्रोफाइल लॉक’ करण्याची सोय भारतात २०२० पासून आहे, ती वापरावी. टेलिग्राममध्ये क्रमांक लपवतानाच ‘क्रमांकावरून मला कोण शोधू शकते’ हाही पर्याय बदलावा, नाहीतर पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे होते.

ओटीपी कोणालाही सांगू नये हे आता सर्वांना पाठ आहे, पण एपीके संचिकेबद्दल तितकी जागरूकता नाही. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन, बँकेची सूचना अशा नावांनी येणारी आणि शेवटी ‘.apk’ अशी अक्षरे असणारी संचिका म्हणजे मोबाइलमध्ये घुसू पाहणारे ॲप असते, ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून आली तरीही. कारण त्याचा मोबाइल आधीच गेलेला असतो.

प्रश्न मांडण्याची रीत

चांगले उत्तर निम्मे प्रश्नातच असते. ‘वजाबाकी जमत नाही, उपाय सांगा’ असे लिहिले की दहा जण दहा व्हिडिओ पाठवतात. वर उल्लेख केलेल्या शिक्षिकेशी बोलून आम्ही प्रश्न पुन्हा लिहिला आणि त्यांच्या संमतीने, नाव न घालता, मी तो ग्रुपवर ठेवला: ‘इयत्ता तिसरी, १४ मुले. ५२ − २७ या उदाहरणात ९ मुलांनी ३५ लिहिले, म्हणजे एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून त्यांनी ७ मधून २ वजा केले. काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन हीच मुले २५ बरोबर काढतात. पाटीवर उभी मांडणी आली की चूक परत येते. मधला दुवा कोणता द्यावा?’

त्या प्रश्नाला चार उत्तरे आली आणि चारही वाचण्यासारखी होती. एका गुरुजींनी लिहिले की गठ्ठ्याचा रबर मूल स्वतः सोडते त्याच क्षणी, काड्या खाली ठेवण्याआधी, पाटीवरील ५ खोडून ४ लिहायला लावावे आणि २ च्या जागी १२ लिहायला लावावे. काड्यांचे सगळे उरकून मग पाटीकडे वळलो तर मुलाच्या मनात त्या दोन वेगळ्या गोष्टी राहतात. एका ताईंनी सुचवले की ‘हातचा घेतला’ हा शब्द काही दिवस वापरूच नये, ‘गठ्ठा सोडला’ म्हणावे. आठवड्याने त्या शिक्षिकेने १४ पैकी ११ उत्तरे बरोबर आल्याचे स्वतःच्या नावाने ग्रुपवर लिहिले.

म्हणून प्रश्नात इयत्ता, मुलांची संख्या, नेमकी चूक, आपण काय करून पाहिले आणि काय हवे, एवढे असावे. उत्तर वापरून पाहिल्यावर काय झाले ते कळवावे, फसले असले तरी. आणि आपण तीन प्रश्न विचारण्याआधी किमान एकाला मनापासून उत्तर द्यावे, कारण केवळ मागणारा माणूस सर्वांच्या लवकर लक्षात येतो.

लहान ग्रुप उभा करताना

आपला ग्रुप काढायचा असेल तर पंचवीस ते चाळीस माणसे पुरेत. व्हॉट्सॲप १०२४ सदस्य घेऊ देते, म्हणून ते घ्यावेतच असे नाही. कोणालाही थेट जोडू नये. आधी खासगीत विचारावे, ग्रुपचा हेतू आणि नियम पाठवावेत, होकार आल्यावर दुवा द्यावा. नव्या सदस्यासाठी ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू ठेवावी, कारण दुवा हातोहात फिरतो. ॲडमिन एकटा नसावा. आमच्याकडे तिघे आहेत, त्यात दोन शिक्षिका, आणि हे शोभेसाठी केलेले नाही. एखाद्या सदस्याच्या वागण्याची तक्रार एका बाईला पुरुष ॲडमिनकडे करावी लागणे हेच अनेकदा तक्रार न होण्याचे कारण असते.

नियम थोडे आणि नेमके असावेत. आमचे असे आहेत: शुभेच्छा, सुप्रभात आणि श्रद्धांजली येथे नाही, जात, धर्म, बोली, शरीर किंवा शाळेचा निकाल यावर टोमणा नाही, ग्रुपमधील मजकूर लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय बाहेर नाही, ग्रुपवरून मिळालेल्या क्रमांकावर विनाकारण खासगी संदेश नाही, रात्री नऊनंतर उत्तराची अपेक्षा नाही. पहिल्या नियमावरच सर्वांत जास्त रुसवेफुगवे झाले. एका ज्येष्ठ सरांना त्यांच्या एकसष्टीचा उल्लेख झाला नाही याचे वाईट वाटले आणि ते ग्रुप सोडून गेले. मी घरी जाऊन पेढे देऊन आलो, नियम मात्र बदलला नाही.

वरिष्ठ अधिकारी ग्रुपमध्ये असावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. माझे मत स्पष्ट आहे: असू नयेत. केंद्रप्रमुख कितीही मनमिळाऊ असले तरी जो आपल्या वर्गभेटीचा अहवाल लिहिणार आहे त्याच्यासमोर ‘मला हे येत नाही’ असे कोणी लिहीत नाही. त्यांच्यासाठी प्रशासकीय ग्रुप आहेतच.

ॲडमिनवर कायदेशीर बालंट येईल या भीतीने पुष्कळ जण ही जबाबदारी घेत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. तरीही असा मजकूर दिसताच काढणे हे ॲडमिनचे काम आहेच, आणि ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो.

ज्यांना फक्त ‘फोटो’ ऐकू येते

आमच्या ग्रुपमधील एक सर दृष्टिहीन आहेत आणि अँड्रॉइडवरील टॉकबॅक ही पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय वापरतात. त्यांच्या शेजारी बसून मी एकदा तालुक्याच्या मोठ्या ग्रुपवरचे दिवसभराचे संदेश ऐकले. ‘फोटो. फोटो. फोटो. पाठवलेला, फोटो.’ त्यात एक परिपत्रक होते, त्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि कोणीतरी टेबलावर कागद ठेवून त्याचा तिरपा फोटो काढला होता. त्या वीस मिनिटांनंतर माझ्या सवयी बदलल्या.

परिपत्रक किंवा शासन निर्णय मूळ पीडीएफमध्येच पाठवावा आणि सोबत दोन ओळींत विषय व मुदत टंकावी. शासन निर्णयावर संगणक सांकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवता येते, आणि त्याच झटक्यात तो खरा आहे की नाही हेही कळते. बदल्या आणि सुट्ट्यांबाबतचे बनावट कागद दरवर्षी फिरतात, हे वेगळे सांगायला नको. कृतिपत्रिका युनिकोडमध्ये टंकावी, कारण जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधील मजकूर वाचक-प्रणालीला निरर्थक चिन्हांसारखा ऐकू येतो. चित्र टाकले तर त्यात काय आहे ते खाली लिहावे. इंग्रजी हॅशटॅगमध्ये मोठ्या अक्षरांनी शब्द वेगळे दाखवतात, देवनागरीत तशी सोय नाही, म्हणून शब्दांमध्ये अधोरेषा घालावी: #पायाभूत_गणित.

ध्वनिसंदेश हा दुधारी प्रकार आहे. टंकायला अडखळणाऱ्यांना आणि दृष्टिहीनांना तो सोयीचा, कर्णबधिर सहकाऱ्यांना आणि बसमध्ये बसलेल्यांना निरुपयोगी. आम्ही तोडगा असा काढला की ध्वनिसंदेश दोन मिनिटांच्या आत असावा आणि ऐकणाऱ्या पहिल्या सदस्याने त्याचा सारांश एका ओळीत लिहावा. डोंगराळ भागातील सदस्यांना नेटवर्क दिवसातून एकदाच, तालुक्याला आल्यावर मिळते. म्हणून ३०० एमबीचा व्हिडिओ टाकण्याऐवजी त्यातील दोन मिनिटे कापून टाकावीत. आणि भाषेबद्दल एवढेच, की शुद्धलेखन सुधारण्याचा मोह आवरावा. ‘पानी’ लिहिणाऱ्या विदर्भातील मॅडमना एकाने ‘पाणी’ असे उत्तर दिले, त्यानंतर त्यांनी तीन महिने काहीही लिहिले नाही.

मुलांचे फोटो

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. वाचनकट्ट्याचा एक छान फोटो मी उत्साहाने फेसबुकवर टाकला. एका मुलीची आई शाळेत आली आणि म्हणाली, ‘गुरुजी, आम्ही ज्याच्यापासून लपून या गावात राहतो त्यानं तो बघितला तर?’ फोटो मी लगेच काढला, पण तोवर तो पुढे किती गेला असेल ते मला कळण्याचा मार्ग नव्हता.

शिकण्यासाठी मुलाचा चेहरा लागत नाही, त्याची वही लागते. पाटीचा, हातांचा, काड्यांच्या मांडणीचा फोटो घ्यावा आणि वहीवरील नाव झाकावे. चेहरा आवश्यकच असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी, ती कशासाठी आणि कोठे हे त्यांना समजेल असे सांगून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. अत्याचारपीडित बालकाची ओळख उघड करण्यास बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते. त्यामुळे ‘हा विद्यार्थी कसा हाताळू’ असा सल्ला विचारताना गाव, शाळा, आडनाव यांपैकी काहीही लिहू नये. संकटातल्या बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे. तेथे फोन आधी करावा, ग्रुपवर चर्चा नंतर.

बिघडते तेव्हा

कोणी पाठलाग करीत असेल, धमकावत असेल किंवा अश्लील मजकूर पाठवत असेल तर क्रम महत्त्वाचा आहे: आधी क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग रिपोर्ट करावे, आणि त्यानंतरच ब्लॉक करावे. घाबरून आधी संभाषण पुसले की हातात पुरावा उरत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येतात, आणि महिला व बालकांसंबंधीच्या तक्रारींसाठी तेथे वेगळा विभाग आहे.

ग्रुपमधील भांडण मात्र वेगळ्या पद्धतीने सोडवावे लागते. सर्वांसमोर कोणालाही जाब विचारू नये. ॲडमिनपैकी एकाने दोघांना फोन करावा, संदेश नव्हे, कारण लिहिलेल्या शब्दाला आवाजातला ओलावा नसतो आणि त्याचा स्क्रीनशॉट मात्र निघतो. ज्याची टर उडाली त्याच्याशी आधी बोलावे. दुसऱ्यांदा तेच घडले तर सदस्याला कारण सांगून काढावे, तो कितीही हुशार असला तरी.

छाटणी

दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एक तास देतो. उपयोगी उत्तरे वहीत उतरवतो किंवा विषयवार टेलिग्राम चॅनेलवर, लिहिणाऱ्याला विचारून, ठेवतो. ग्रुपमधला ओघ वाहून जातो, त्यावर विसंबू नये. महिन्याभरात ज्या ग्रुपमधून वहीत एकही ओळ आली नाही तो सोडतो. सुरुवातीला लोक काय म्हणतील असे वाटले, पण साठपैकी त्रेपन्न ग्रुप सोडले तेव्हा फक्त दोघांनी कारण विचारले.

दरवर्षी एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्या की, दहा नावांची ती जुनी यादी पुन्हा नव्याने लिहावी आणि मागच्या वर्षीच्या पानाशेजारी ठेवावी. त्याच वेळी आम्ही ॲडमिन बदलतो आणि जे सदस्य वर्षभर गप्प राहिले त्यांना एकेक करून फोन करतो. यंदा असे नऊ जण होते. त्यांपैकी पाच जणांना वाचण्यातच समाधान होते, दोघांच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती, आणि दोघींनी सांगितले की त्यांनी प्रश्न टंकून ठेवले होते, पाठवले नव्हते. त्यांतला एक प्रश्न जोडाक्षरांचा आहे आणि तो येत्या शनिवारी ग्रुपवर जाणार आहे, त्यांच्याच नावाने.